पोलीस ठाण्याची नागरिक सल्लागार समिती कशी उभी करावी

महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांना समित्यांची वानवा नाही. गणपती किंवा मोहरमच्या तोंडावर शांतता समिती बसते. काही शहरांत मोहल्ला कमिटी आहे, बऱ्याच ठाण्यांत महिला दक्षता समिती आहे, आणि खेड्यात २००७ च्या मोहिमेतली तंटामुक्त गाव समिती निदान कागदावर तरी आहे. शांतता समितीत बहुतेक वेळ साहेब बोलतात, मंडळांचे अध्यक्ष 'पूर्ण सहकार्य करू' म्हणतात, चहा होतो, फोटो निघतो. आपल्या भागात पोलिसांनी आधी काय करावं हे रहिवाशांनी सांगायचं आणि ठाण्यानं त्यावर उत्तर द्यायचं, अशी जागा मात्र यांत सहसा नसते.

ती जागा म्हणजे एका ठाण्याच्या हद्दीपुरती, पंधरा-सतरा जणांची, वर्षभर चालणारी सल्लागार समिती. तिला कायद्यानं अधिकार नसतात. तिच्या हातात एकच गोष्ट असते: लेखी सूचनेला मुदतीत लेखी उत्तर. हे पहिल्याच आदेशात मिळवलं नाही, तर पुढचं सगळं चहापाणी.

आधी कक्षा ठरवा

समितीनं सल्ला द्यायचे विषय: गस्तीच्या वेळा आणि जागा, ठाण्यात येणाऱ्या माणसाला मिळणारी वागणूक, एखाद्या बीटमध्ये (गस्तीसाठी पाडलेल्या ठाण्याच्या हद्दीतल्या एका भागात) वारंवार होणारे गुन्हे, शाळा सुटतानाची वाहतूक, सायबर फसवणुकीबद्दलची जागृती, चारित्र्य पडताळणीला लागणारा वेळ, सणांच्या बंदोबस्ताचं नियोजन.

हात न लावायचे विषय त्याहून ठळक लिहा. कोणाचीही वैयक्तिक केस, तपास, अटक, जामीन, हद्दपारीचे प्रस्ताव, पोलिसांच्या बदल्या, शिस्तभंगाची कारवाई. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक अशा तक्रारींसाठी पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंह खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानंतर आपल्याकडे २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती झाली आणि हे प्राधिकरण कायद्यात आलं. अशी तक्रार घेऊन कोणी सदस्याच्या दारात आला, तर प्राधिकरणाचा पत्ता द्यायचा आणि तिथे थांबायचं. 'मी साहेबांशी बोलतो' हे वाक्य ज्या दिवशी सदस्याच्या तोंडून निघालं, त्या दिवशी तो मध्यस्थ झाला.

कायदा शिथिल करा, असा सल्लाही देता येत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. 'आमच्या गल्लीत साडेअकरापर्यंत चालू द्या' हा समितीच्या विषयपत्रिकेवरचा विषयच होऊ शकत नाही, मागणी कितीही लोकप्रिय असली तरी.

आदेश कोणाचा, त्यात काय

वरिष्ठ निरीक्षकांनी तोंडी 'चला, एक कमिटी करू' म्हणून केलेली समिती त्यांच्या बदलीबरोबर जाते. निरीक्षकाची एका ठाण्यातली नेमणूक साधारण दोन वर्षांची असते, पुष्कळदा तेवढीही होत नाही. म्हणून आदेश वरून हवा: आयुक्तालयात परिमंडळाच्या उपायुक्तांचा, जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांचा. नागरिकांकडून पुढाकार असेल तर दोन पानांचा प्रस्ताव, सोबत आदेशाचा मसुदा, आणि हद्दीतल्या वेगवेगळ्या वस्त्यांतल्या पंचवीस-तीस जणांच्या सह्या, एवढं पुरतं. मसुदा तयार नेला की काम पुष्कळ हलकं होतं. रिकाम्या हातानं गेलात तर 'बघू' मिळतं.

आदेशात या गोष्टी असल्याशिवाय पुढे जाऊ नका: सदस्यसंख्या आणि मुदत, निवडीची पद्धत, बैठका वर्षात किमान किती, ठाण्यानं कोणती माहिती द्यायची, गोपनीयतेचे नियम, सदस्य कमी करण्याची कारणं आणि ते कोण करणार. शिवाय हे कलम, शक्यतो याच शब्दांत:

'समितीने इतिवृत्तात नोंदविलेल्या प्रत्येक सूचनेस पोलीस ठाणे ३० दिवसांच्या आत लेखी उत्तर देईल. उत्तर मान्य, अंशतः मान्य किंवा अमान्य यांपैकी एक असेल. अंशतः मान्य व अमान्य असल्यास कारण नमूद केले जाईल. मुदतीत उत्तर न आल्यास विषय आपोआप सहायक पोलीस आयुक्त / उपविभागीय पोलीस अधिकारी यांच्याकडे जाईल.'

शेवटच्या वाक्यावर घासाघीस होते. ते सोडू नका. हवं तर ३० चे ४५ दिवस करा. आणि 'विचाराधीन' हा चौथा पर्याय आत येऊ देऊ नका. एकदा आला की निम्मी उत्तरं तीच असतात.

सतरा माणसं कोणती

भिवंडीचा दाखला इथे कामाचा आहे. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या या शहरात १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. त्यात पुढाऱ्यांपेक्षा त्याच गल्लीत राहणारे साधे हिंदू-मुस्लिम शेजारी घेतले, आणि पोलीस अंमलदार त्यांच्यात नियमित बसू लागले, काही घडलेलं नसतानाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मुंबईतली मोहल्ला कमिटी चळवळ त्या दंगलीनंतरची. मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले सतीश साहनी आणि ज्युलिओ रिबेरो, आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे ही नावं तिच्याशी जोडलेली आहेत. दोन्हीकडे एक गोष्ट दिसते: कोणाला घेतलं यावर समितीचं वजन ठरतं, आणि माणसं शांततेच्या काळात जोडावी लागतात.

पाच बीटचं ठाणं धरलं तर प्रत्येक बीटमधून दोन, एक स्त्री आणि एक पुरुष, म्हणजे दहा जागा. उरलेल्या सात जागा अशा लोकांसाठी, ज्यांचा पोलिसांशी रोज संबंध येतो पण ज्यांना बैठकीचं बोलावणं कधी येत नाही: एक फेरीवाला किंवा रिक्षाचालक, एक घरकाम करणारी बाई, एक बाहेरगावाहून आलेला भाडेकरू कामगार, एक पंचवीस वर्षांखालची व्यक्ती, एक ज्येष्ठ नागरिक, एक दिव्यांग व्यक्ती, एक आशा सेविका किंवा शाळेचे मुख्याध्यापक. एकूण सतरा. त्यात किमान आठ स्त्रिया. संख्या वीसच्या वर नेऊ नका, कारण मग बैठकीत पाचच जण बोलतात आणि बाकीचे भिंतीकडे बघतात.

घ्यायचं नाही ते: राजकीय पक्षाचे पदाधिकारी आणि नगरसेवक (त्यांना पोलिसांपर्यंत पोहोचायला दुसरे रस्ते आहेत), याच ठाण्याच्या हद्दीत फौजदारी वकिली करणारे, नेहमीचे जामीनदार, परमिट रूम, लॉज किंवा टोइंगचे ठेकेदार, आणि पोलिसांचे जवळचे नातेवाईक. तसंच ठाण्यात रोज संध्याकाळी चहाला येणारे ते दोन-तीन 'समाजसेवक'. प्रत्येक ठाण्यात ते असतात, आणि यादीत पहिली नावं त्यांचीच सुचवली जातात.

पूर्वइतिहासाची अट लिहिताना जपून. 'कोणताही गुन्हा दाखल नसावा' अशी सरसकट अट घातली तर पाणीप्रश्नावर मोर्चा काढलेले कार्यकर्ते बाद होतात आणि वस्तीचा खरा आवाज जातो. अट अशी ठेवा: शरीराविरुद्ध, मालमत्तेविरुद्ध, स्त्रिया व बालकांविरुद्ध किंवा फसवणुकीच्या गुन्ह्यात दोषारोपपत्र नसावं. आंदोलनातले गुन्हे निवड मंडळानं एकेक पाहून ठरवावेत.

निवड

जाहीर अर्ज मागवा, मुदत २१ दिवस. नोटीस ठाण्याच्या फलकावर लावून भागत नाही. तिथे ती अडचणीत असलेलेच वाचतात. रेशन दुकान, रिक्षा थांबा, मंडळाचा फळा, मशीद आणि बुद्धविहाराचं आवार, आरोग्य केंद्र, सोसायट्यांचे ग्रुप. अर्ज एक पानी, मराठीत, हवा तर हिंदी-उर्दूतही: नाव, वय, वस्ती, काम, आणि 'आपल्या भागात पोलिसांनी सोडवावी अशी एक अडचण चार ओळींत'. शेवटच्या प्रश्नावरून माणूस कळतो. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज बीट अंमलदारानं नाही, आशा सेविकेनं किंवा शिक्षकानं भरून द्यावा.

छाननीला तिघं: सहायक आयुक्त किंवा उपविभागीय अधिकारी, हद्दीबाहेरचे एक प्राध्यापक किंवा निवृत्त न्यायिक अधिकारी, आणि महिला व बालकांसोबत काम करणारी एक व्यक्ती. ठाण्याचे निरीक्षक त्यात नकोत. पात्र अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर बीटनिहाय चिठ्ठ्या काढा, सगळ्यांसमोर. चिठ्ठीला अनेक अधिकारी नाकं मुरडतात, पण 'साहेबांची माणसं' हा शिक्का पुसायला दुसरा स्वस्त उपाय नाही.

मुदत दोन वर्षं, सलग दोनदाच. पहिल्या खेपेला आठ जणांना एकाच वर्षाची मुदत द्या, म्हणजे दरवर्षी निम्मी समिती बदलते आणि जुनं-नवं एकत्र राहतं.

ओळखपत्र देऊ नका. गाडीवर लावायचा स्टिकर तर मुळीच नको. सिग्नलवर दाखवलेलं एक कार्ड सहा बैठकांची पत घालवतं. नावांची यादी ठाण्यात, वॉर्ड ऑफिसात आणि पोलिसांच्या संकेतस्थळावर लावली की ओळख पुरेशी झाली.

पहिली बैठक घेण्याआधी

दोन अर्धे दिवस प्रशिक्षणाला द्या. पहिला ठाण्यातच. ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळ दोन तास बसवा, स्टेशन डायरी म्हणजे काय ते दाखवा, ११२ या आपत्कालीन क्रमांकाचा कॉल कसा येतो आणि गाडीवर कसा जातो ते पाहू द्या. लोकांच्या निम्म्या नाराजीचं मूळ 'माझी एनसी (अदखलपात्र नोंद) घेतली, गुन्हा घेतला नाही' यात असतं. म्हणून दखलपात्र-अदखलपात्र फरक नीट समजवा: अदखलपात्र प्रकरणात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम १७३ वाचून घ्या. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण चालत नाही. ऑनलाइन दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही करावी लागते. फिर्यादीची प्रत मोफत मिळते. कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची असते. या तीन-चार गोष्टी आपल्या ठाण्यात होतात का, हे पाहणं समितीचं पहिल्या वर्षातलं सर्वांत उपयोगी काम ठरू शकतं.

दुसरा अर्धा दिवस गोपनीयतेचा. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांबाबत पोक्सो (बालकांवरील लैंगिक अपराधांविरुद्धच्या) कायद्याचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. 'त्या चाळीतली, दहावीतली' एवढंही पुरतं. हे सांगून प्रत्येकाची सही घ्या.

बैठक

दोन महिन्यांतून एक, वर्षाला सहा. दर महिन्याला ठरवलेल्या बैठका बंदोबस्तात बुडतात. गणेशोत्सव, मोठे सण, निवडणूक हे आठवडे आधीच वगळून वर्षाच्या तारखा एकदम जाहीर करा. वेळ शनिवारी संध्याकाळी ५ ते ७; अकरा वाजता ठेवली की फक्त निवृत्त मंडळी येतात.

जागा निरीक्षकांची केबिन नको. महापालिकेची शाळा, समाजमंदिर, वाचनालय, दर वेळी वेगळ्या बीटमध्ये. खुर्च्या गोलात, व्यासपीठ, हार, सत्कार नाहीत. पोलिसांकडून निरीक्षक (ते नसतील तर दुय्यम निरीक्षक), सचिव म्हणून नेमलेला उपनिरीक्षक, आणि त्या भागाचा बीट अंमलदार. अंमलदार हवाच. गल्ली त्याला माहीत असते आणि सूचना अंमलात आणणाराही तोच असतो. अध्यक्ष सदस्यांनी आपल्यातून निवडलेला, एका वर्षासाठी. गणपूर्ती नऊ.

दोन तासांची वाटणी: पहिला अर्धा तास मागच्या सूचनांवरच्या उत्तरांना, दहा मिनिटं आकडेवारीला, पन्नास मिनिटं एकाच मुख्य विषयाला, वीस मिनिटं आलेल्या रहिवाशांच्या प्रश्नांना, शेवटची दहा मिनिटं सूचना मोठ्यानं वाचून शब्द पक्के करायला. विषयपत्रिका आठ दिवस आधी. इतिवृत्त सात दिवसांत, अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सहीनं, ठाण्याच्या फलकावर. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ स्वतःहून माहिती जाहीर करायला सांगतंच. कोणी अर्ज करेपर्यंत थांबायचं कारण नाही.

सूचना लिहिणं हे कसब आहे

बहुतेक समित्या इथे फसतात. 'स्टेशन परिसरात गस्त वाढवावी' या सूचनेला 'गस्त वाढवण्यात आली आहे' हे उत्तर येतं, आणि दोन्ही वाक्यांतून काहीच झालेलं नसतं. तीच गोष्ट नोंदवहीत अशी उतरली पाहिजे:

'सूचना ४. बीट ३, बुधवारचा बाजार. संध्याकाळी ६ ते ९ मासळी गल्ली ते रिक्षा थांबा या पट्ट्यात मोबाइल चोरीच्या तक्रारी. पुढील आठ बुधवार दोन अंमलदारांची पायी गस्त द्यावी. थांब्याजवळील बंद दिव्याबाबत ठाण्याने वॉर्ड ऑफिसला पत्र द्यावे. आढावा: पुढील बैठक. समितीकडून जबाबदार: बीट ३ चे दोन्ही सदस्य.'

यात जागा, वेळ, मागणी, मुदत आहे, आणि समितीचं स्वतःचं काम पण आहे. मनुष्यबळ नाही म्हणून ठाणं 'अंशतः मान्य, चार बुधवार' म्हणू शकतं. ते चांगलं उत्तर आहे, कारण पुढच्या वेळी मोजता येतं. एका बैठकीत पाचपेक्षा जास्त सूचना नोंदवू नका.

नोंदवहीला रकाने सात: क्रमांक, तारीख, सूचना, उत्तराची मुदत, उत्तर, प्रत्यक्ष काय झालं, बंद केल्याची तारीख. सहावा रकाना सदस्यांनी जागेवर जाऊन भरायचा, ठाण्यानं नव्हे.

आकडे मागा, पण सांभाळून

दर बैठकीला एक पानी तक्ता पुरे, बीटनिहाय: घरफोडी, वाहनचोरी, मोबाइल चोरी, मारामारी, अदखलपात्र नोंदी, ११२ चे कॉल आणि पोहोचायला लागलेला वेळ, आणि ठाण्यासाठी एकत्र: सायबर फसवणूक, प्रलंबित तक्रार अर्ज, पडताळणीचे प्रलंबित अर्ज. लैंगिक गुन्ह्यांचा आकडा बीटनिहाय कधीच नको. लहान वस्तीत 'एक' हा आकडाच बोट दाखवतो. नावं, पत्ते, फोन नंबर, सीसीटीव्ही चित्रण, खबऱ्यांबद्दलचं काहीही समितीसमोर येता कामा नये.

आणि गुन्हे कमी झाले म्हणून टाळ्या वाजवू नका. आकडा खाली आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग गुन्हा न नोंदवणं हा आहे, हे ठाण्यात सगळ्यांना ठाऊक असतं. समितीनं आकड्यावर शाबासकी दिली की पुढच्या महिन्यात मोबाइल चोरीचा 'मोबाइल गहाळ' होतो. उलट पहिल्या वर्षी नोंदी वाढल्या तर त्याचा अर्थ लोक येऊ लागले आणि त्यांचं लिहून घेतलं जाऊ लागलं, असाही असू शकतो. म्हणून गहाळ आणि चोरी हे दोन आकडे नेहमी शेजारी शेजारी मागा.

त्याहून भरवशाचं मोजमाप दारात मिळतं. ठाण्यातून बाहेर पडणाऱ्यांना, तिमाहीतून एक आठवडा, चार प्रश्नांची चिठ्ठी द्या: किती वेळ थांबावं लागलं? म्हणणं ऐकून घेतलं का? पोच किंवा प्रत मिळाली का? पुढे कोणाशी बोलायचं ते नाव कळलं का? नाव-गाव लिहायचं नाही, पेटी समितीनं उघडायची. शंभर चिठ्ठ्यांतही चित्र दिसू लागतं.

कुठे बिघडतं

पैसा. मानधन देऊ नका. चहा, झेरॉक्स आणि रोजंदारी बुडणाऱ्या सदस्याचा रिक्षाखर्च एवढाच खर्च. तो कार्यालयीन खर्चातून व्हावा. 'व्यापारी संघटना देईल की' हा प्रस्ताव येतोच. ज्यांच्या दुकानांसमोरच्या पार्किंगवर उद्या बोलायचं आहे, त्यांचा चहा आज नको.

समेट. घरगुती हिंसाचार, छेडछाड, जातीवाचक शिवीगाळ अशा तक्रारी 'आपसात मिटवा' म्हणून समितीकडे सरकवल्या जातात. साफ नकार द्या. अॅट्रॉसिटीचा किंवा पोक्सोचा गुन्हा नोंदवणं हे ठाण्याचं कर्तव्य आहे, समितीच्या बैठकीत तो मिटत नाही.

खबरी. 'तुमच्या वस्तीत कोण नवं राहायला आलंय ते सांगत जा' ही विनंती एकदा मान्य झाली की त्या वस्तीत सदस्याशी कोणी बोलत नाही. माहिती देणारे ठाण्याला हवेतच, पण ते दुसऱ्या वाटेनं.

बंदोबस्त. गणपतीत काठी-शिटी देऊन सदस्यांना दोरखंड धरायला उभं करणं. ज्याला हौस आहे त्यानं स्वयंसेवक म्हणून जावं, समिती म्हणून नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप. विषयपत्रिका, इतिवृत्त, तारखा यांपलीकडे काही नको. पोस्ट फक्त अध्यक्ष आणि सचिवांना करता यावी. मोकळा ठेवलेला ग्रुप आठवड्यात सुप्रभात, पक्षाचे व्हिडिओ आणि खातरी न केलेल्या अफवांनी भरतो, आणि अफवा 'पोलीस समितीच्या ग्रुपवर आली' म्हणून खरी ठरते.

हद्दीत तणावाची घटना घडली तर ४८ तासांत तातडीची बैठक. ठाण्यानं काय घडलं, काय कारवाई झाली, काय सांगता येणार नाही, एवढं सांगावं. सदस्यांनी वस्तीत काय बोललं जातंय ते सांगावं. कोण दोषी यावर समितीनं पत्रक काढू नये, पोलिसांच्या बाजूनंही नाही. विशेषतः पोलिसांच्या बाजूनं नाही.

साहेब बदलले की

नवे निरीक्षक रुजू झाल्यापासून १५ दिवसांत अध्यक्ष आणि आणखी दोन सदस्यांनी भेटावं. पुष्पगुच्छ नको, एक फाइल न्यावी: आदेशाची प्रत, सदस्यांची यादी, वर्षाच्या तारखा, नोंदवहीतल्या उघड्या सूचना, शेवटचा तक्ता. 'मी माझी नवी कमिटी करतो' असं उत्तर मिळालं तर वाद न घालता आदेशाचा क्रमांक दाखवावा आणि पुढच्या बैठकीची तारीख पक्की करून घ्यावी. आदेश उपायुक्तांचा का हवा, ते या भेटीत कळतं.

सलग दोन बैठकांत गणपूर्ती झाली नाही, किंवा वर्षभरात निम्म्या सूचनांना मुदतीत उत्तरं आली नाहीत, तर अध्यक्षांनी उपायुक्तांना किंवा अधीक्षकांना लेखी कळवावं. दोष सदस्यांचा असेल तर नव्यानं अर्ज मागवून जागा भराव्यात. दोष ठाण्याचा असेल तर समितीनं बैठका थांबवून तसं इतिवृत्तात लिहावं आणि ते फलकावर लावावं. नोंदवही कुठल्याही परिस्थितीत ठाण्यातच राहते, तिची एक प्रत अध्यक्षांकडे.